उकंडराव मोटारीचे दात बघतात

मोटार उंद्रीत आली ती सकाळी नऊच्या सुमारास, आणि ग्रामपंचायतीसमोरच्या उतारावर तोंड खाली करून उभी राहिली. ही गोष्ट फक्त आपल्याच लक्षात आली, असं उकंडराव पडघानांना वाटलं. ते काही बोलले नाहीत. चाळीस वर्षं धाडच्या बाजारात लोकांचे बैल पारखून देणारा माणूस पहिल्या नजरेला दिसलेलं बोलत नसतो. बोलला तर पारख पाच मिनिटांत संपते आणि चहा कोणी पाजत नाही.

मोटार विलायती होती, सात माणसांची. पुढचं निम्मं अंग पत्र्याचं, मागचं लाकडी फळ्यांचं. समोरून पाहिलं तर कलेक्टर आला असं वाटे, मागून पाहिलं तर कपाट निघालं असं वाटे. मेहकरच्या एका डॉक्टरांनी ती पंधरा वर्षं वापरली होती. डॉक्टर आता नागपूरला मुलाकडे राहायला गेले आणि मोटार विकायचं काम ड्रायव्हर शालिग्रामवर सोपवून गेले. शालिग्राम हा पन्नाशीचा, सडपातळ, खाकी टोपीचा माणूस. तो खोटं बोलत नसे. विचारल्याशिवाय खरंही बोलत नसे.

पडघानांच्या घरात मोटारीबद्दल मतं दोन होती आणि दोन्ही पुरुषांची होती. उकंडरावांचे धाकटे भाऊ महादेवराव रिटायर हेडमास्तर होते. नवं राज्य होऊन पाच वर्षं झाली होती आणि त्यांना पंचायत समितीवर जाऊन तीन. सभापती जीपमधून उतरतात आणि आपण एसटीतून, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. उकंडरावांचा मुलगा पंजाबराव याला विहिरीवर नवं ऑइल इंजिन हवं होतं. जागेवर बसून राहणारं इंजिन की फिरणारं, एवढाच काका-पुतण्यांचा वाद, पण तो दिवाळीपासून चालला होता आणि आता उन्हाळा लागला होता.

उकंडरावांना स्वतःचं मत नव्हतं. त्यांना पारखायला मिळालं की पुरे.

कौशल्याबाईंना, म्हणजे उकंडरावांच्या बायकोला, कोणी विचारलं नव्हतं. त्यामुळे त्यांचं मत न वापरलेलं, जसंच्या तसं शिल्लक होतं. त्यांची मुलगी बेबीताई सुलतानपूरला दिलेली होती. नऊ वर्षं झाली. उंद्रीहून चिखली, चिखलीहून मेहकर, मेहकरहून पुढे मिळेल ते. नऊ वर्षांत कौशल्याबाई दोनदा गेल्या होत्या. दरवर्षी 'कापूस घरात आला की जाऊ' असं ठरे, आणि कापूस घरात आला की 'तुले गाडी लागते' असं निघे. एसटीत त्यांना उलट्या होत, हे खरं होतं. त्या खरेपणाचा घरातल्या पुरुषांना फार आधार होता.

मोटार आली तेव्हा कौशल्याबाई माडीच्या, ग्रामपंचायतीकडच्या खिडकीत गहू निवडत होत्या. गहू निवडून संपले तरी त्या खिडकीतच होत्या.

*

महादेवरावांनी फुलस्केप कागदावर गुणपत्रिका आखून आणली होती. रंग दहा, काचा दहा, टायर पंधरा, गाद्या पंधरा, आवाज दहा, इंजिन वीस, वर्तन वीस. एकूण शंभर. पास व्हायला पस्तीस.

"काका, वर्तन म्हंजे काय?" पंजाबरावाने विचारलं.

"रस्त्यानं जातानी कशी वागते ते."

"अन आमच्या वक्ताले तुम्ही वर्तनाचे मार्क देतच नव्हते."

"तुह्या वक्ताले देन्यासारखं काई नव्हतं बे," महादेवराव म्हणाले आणि रंगाखाली सहा मार्क मांडले.

उकंडराव मोटारीभोवती एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून फिरले. मग समोर उभे राहून त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, बैलाच्या कपाळावर ठेवतात तसा. जमलेले पंधरावीस लोक जवळ सरकले. गाव उकंडरावांना दाजी म्हणे. दाजी हात ठेवतात म्हणजे काम सुरू झालं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"किती वर्साची हाय?"

"सतरा," शालिग्राम म्हणाला.

"जन्माची का कामाची?"

"जन्माची सतरा. कामाची पंधरा. दोन वर्सं बोटीत अन गोदामात गेले."

"किती हातांतून गेली?"

"एकाच. डॉक्टरसाहेबांच्या. पन चालवली म्याच."

"दात दाखव."

शालिग्रामने बॉनेट उघडलं. त्याला उकंडराव आवडू लागले होते. आधीची तीन गिऱ्हाइकं मोटारीत बसून आरशात मिशा बघून गेली होती.

उकंडराव खाली वाकले. इंजिनातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण जनावरातलंही आतलं त्यांना कधी दिसलं नव्हतं. ते बाहेरून ओळखत. मागे जाऊन त्यांनी धुराच्या नळीत बोट घातलं, काढलं, दोन बोटांत काजळी चोळली आणि नाकाजवळ नेली.

"कोरडी हाय. तेल पीत नाई."

"पेट्रोल पेते," शालिग्राम म्हणाला.

"ते पेलंच पायजे. कामाचं जनावर हाय."

मग खुरं. चार टायरांच्या खाचांत त्यांनी नख घालून पाहिलं. तीन टायर एका वयाचे, समोरचा उजवा तरणाबांड.

"हा पाय बदलला."

"हाव. फाटला व्हता."

"उजवाच काऊन फाटला?"

"रस्त्याची उजवी बाजू खराब व्हती."

लोक हसले. उकंडराव हसले नाहीत, पण मिशी हलली. त्यांनी खिशातून अडकित्ता काढला आणि त्याच्या टोकाने मागच्या फळ्या एकेक करून टोचत गेले. खालच्या फळीशी थांबले.

"हे बाभूळ हाय."

"हाव."

"विलायतेत बाभूळ नाई होत."

"मेहकरात होते. मूळची फळी सडली, सुतारानं ही बसवली. बाकीच्या सडतीन, ही नाई सडायची."

हे उकंडरावांना पटलं. महादेवरावांनी फळीला मार्क कुठे द्यायचे हे न सुचल्यामुळे ते गाद्यांत मिळवले.

पंजाबराव आत शिरून बसला होता. त्याने काचेमागचा काटा दाखवला. "आबा, हे पाहा. एकेचाळीस हजार मैल. पंधरा वर्सांत एवढीच चालली? कोनाले बनवून राह्यला हा?"

उकंडरावांनी शालिग्रामकडे पाहिलं.

"काटा बंद हाय," शालिग्राम म्हणाला. "सहा वर्सं झाले. काईच सांगत नाई."

"मंग खोटं तरी नाई सांगत," उकंडराव म्हणाले. पंजाबराव उतरला. त्याच्या हातचं मोठं हत्यार गेलं होतं.

"सात मानसं म्हनता," उकंडराव म्हणाले. "बसवून दाखवा. भरती घालून चढावर नेल्याशिवाय बैलाचं काई समजत नसते."

"पोते टाकू जवारीचे," पंजाबराव म्हणाला.

"पोतं बोलत नाई, हलत नाई. खरी भरती कुरकुर करनारी पायजे. घरातल्या बायकाइले बोलाव."

*

अशा रीतीने पडघानांच्या घरातल्या तीन बायका वजन म्हणून मोटारीत बसल्या. पुढे शालिग्राम आणि उकंडराव. मधल्या बाकावर खिडकीशी कौशल्याबाई, त्यांच्या जाऊ सरस्वतीबाई, आणि पंजाबरावाची बायको आशाबाई; सासरा समोर असल्यामुळे तिचा पदर नाकापर्यंत. मागे दोन छोट्या बैठका समोरासमोर होत्या, आडव्या. तिथे काका आणि पुतण्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. दिवाळीपासून ते एकमेकांच्या एवढ्या जवळ आले नव्हते.

मोटार उतारावरून आपसूक निघाली, गुरगुरली आणि अमडापूरच्या रस्त्याला लागली.

"आवाज, दहापैकी सात," महादेवराव म्हणाले.

"काका, तुमचा गुडघा."

"माहा गुडघा माह्या जागेवर हाय. तुहाच वाढला."

"इंजिन घेतलं असतं त बारा एकर भिजलं असतं."

"अन त्या इंजिनावर बसून मी पंचायत समितीत जाऊ काय?"

"तुम्ही जाता तठी कोनी भिजत नाई, कोनी वाळत नाई."

पुढे उकंडराव ऐकत होते, भांडण नव्हे, मोटार. चढ लागला. शालिग्रामने गिअर बदलला. मोटारीने मान खाली घातली आणि दम न टाकता वर गेली. मधोमध उकंडराव म्हणाले, "थांबव." ती थांबली, मागे सरकली नाही. "चालव." ती चालली. उकंडरावांनी मान डोलावली. भरल्या गाडीनिशी चढावर थांबून पुन्हा निघणारी जोडी त्यांनी आयुष्यात सहा वेळा पाहिली होती, आणि त्यांतल्या दोन जोड्या त्यांनी स्वतः घेतल्या होत्या.

कौशल्याबाईंच्या मुठीत लिंबू होतं. एसटीत बसताना त्या ते नाकाशी धरत. आज ते धरायची त्यांना आठवणच झाली नाही. खिडकीतून पळसं मागे जात होती, वारा तोंडावर येत होता. पोटात काही ढवळत नव्हतं. त्या थोडा वेळ पोटाकडे लक्ष देऊन बसल्या, पाहुणा यायची वाट पाहावी तशा. कोणी आलं नाही.

"आक्का, बरं वाटते ना तुमाले?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

"इथून चिखली किती लांब?"

"मोटारीनं? अर्धा तास."

"अन तठून मेहकर?"

सरस्वतीबाईंनी जावेकडे पाहिलं. तीस वर्षांत त्यांच्याशी अनेक गोष्टींवर भांडण झालं होतं. त्यामुळे प्रश्नाचा रोख समजायला वेळ लागला नाही.

"आक्का," त्या हळूच म्हणाल्या, "मोटार अजून घेतली नाई."

*

परत आल्यावर शालिग्राम मोटार पुन्हा ग्रामपंचायतीसमोर, उतारावर लावू लागला.

"तठी नको," उकंडराव म्हणाले. "आत घ्या, अंगनात. लिंबाची सावली हाय."

"इथं बरी हाय दाजी. वारं लागते."

"मोटारीले वारं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाजारात अशी नजर दोन माणसांत फिरते तेव्हा एकाच्या हातात कासरा असतो आणि दुसऱ्याला त्याची लांबी माहीत असते. शालिग्रामने मोटार अंगणात आणली. अंगण सपाट होतं. त्यावर धान्य वाळवत.

"इंजिन बंद करा अन जेवून जा. आवाजात घास उतरत नाई."

शालिग्रामने किल्ली फिरवली. मोटार गप्प झाली.

पंगत ओसरीवर, अंगणाकडे पाठ करून बसली. ज्वारीची भाकर, भरली वांगी, तुरीचं घट्ट वरण, ठेचा. शालिग्राम दोन भाकरींवर हात आखडता घेऊ लागला तेव्हा उकंडराव म्हणाले, "अजून एक वाढा पाव्हन्याले." तिसरी झाली, चौथीचा आग्रह झाला. मग उकंडरावांनी गूळ-तूप मागवलं, आणि ते खाताना भोकरदनच्या एका खोडीच्या बैलाची गोष्ट सुरू केली. ती गोष्ट एरवी पाच मिनिटांची होती. आज तिच्यात नवीन माणसं येऊ लागली.

आत चुलीपाशी कौशल्याबाईंच्या हातातली भाकर थांबली.

नवरा पाहुण्याला चौथी भाकर वाढायला लावतो, हे त्यांनी संसारात किती वेळा पाहिलं असेल? बैल तपासायला आला की मालकाला जेवायला बसवायचं. तोवर बैल सावलीत बसतो, अंग थंड होतं. जेवण झालं की उठवायचा. गरम असताना सगळेच चालतात. लंगडा थंड झाल्यावर कळतो.

आज सपाट अंगणात मोटार थंड होत होती. उठली नाही, तर हे मिशीवरून हात फिरवतील, सगळ्यांसमोर खोड सांगतील, लोक वाहवा करतील, आणि मोटार परत जाईल. मग कापूस घरात येईल. मग एसटी.

त्यांनी भाकर तव्यावर टाकली, हात धुतले आणि देवळीतलं ताट काढलं.

"हे काय व आक्का?" सरस्वतीबाई म्हणाल्या.

"ताट."

"ते दिसते मले. कोनासाठी?"

"मोटारीसाठी."

"भाव ठरला?"

"नाई."

"अवं माय! मंग कुंकू कसं लावता? कुंकू लागलं, भाकर-तुकडा ओवाळला, म्हंजे जनावर घरचं झालं. सौदा मोडता येत नाई."

"म्हनूनच लावून राह्यली."

सरस्वतीबाई चुलीजवळ बसल्या. त्यांना दोन्ही बाजू दिसत होत्या, आणि दोन्ही बाजूंना त्यांचा नवरा बोलणार हेही दिसत होतं. "भाऊजी घर डोक्यावर घेतीन."

"घेऊ दे. डोक्यावर बैल सोडून काई नाईच त्यांच्या."

आशाबाई कोपऱ्यात ताक घुसळत होती. "आत्याबाई, मी यात नाई," ती म्हणाली. "ह्यांले इंजिन पायजे. मी मोटारीले हात लावला त मले बोल लागते."

"बरं," कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांनी कुंकवाचा करंडा ताटात ठेवला. हळद ठेवली. भाकरीचा तुकडा मोडून ठेवला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुही माय धाडले एकटीच राह्यते ना व? मोटारीनं किती लागत असीन धाड?"

रवी थांबली.

"वात मी लावू, का तुम्ही लावता?" आशाबाई म्हणाली.

ओसरीवर भोकरदनचा बैल अजून नदीच्या अलीकडेच होता. परसदारातून तीन बायका अंगणात आल्या आणि कडुलिंबाखाली उभ्या राहिल्या. इथे एक अडचण आली. बैलाला कपाळ असतं. मोटारीला ते कुठे, यावर तिघींचं हलक्या आवाजात बोलणं झालं. सरस्वतीबाई म्हणाल्या, दोन दिव्यांच्या मध्ये. आशाबाई म्हणाली, ते तोंड, कपाळ काचेखाली. शेवटी कौशल्याबाईंनी दोन्ही ठिकाणी लावलं. सौदा पक्का असलेला बरा. मग पाण्याचा तांब्या चारी चाकांवर थोडा थोडा ओतला, ताट ओवाळलं, भाकर-तुकडा उजवीकडून डावीकडे फिरवून कुंपणापलीकडे टाकला.

तो कोणाच्या तरी कुत्र्याने खाल्ला. आता तर पुरावाही उरला नव्हता.

*

जेवण झालं, सुपारी झाली. बैल एकदाचा नदी उतरून पलीकडे गेला. उकंडराव उठले.

"चला, शालिग्रामदादा. आता उठवा तिले."

शालिग्राम आत बसला. त्याने किल्ली फिरवली आणि पायाने बटन दाबलं.

टक्.

पुन्हा दाबलं. पुन्हा टक्. मग तेही नाही.

पंजाबरावाच्या चेहऱ्यावर बारा एकर पाणी पसरलं. उकंडराव मात्र घाई न करता पायरीवरून उतरले. त्यांनी उजव्या हाताने मिशी सारखी केली.

"बसलं की उठत नाई," ते म्हणाले.

"हाव," शालिग्राम म्हणाला.

"म्हनून उतारावर लावता."

"हाव."

"सांगतलं काऊन नाई?"

"विचारलं असतं त सांगतलं असतं. तुम्ही सारं विचारलं, हे तेवढं राह्यलं." तो मोटारीतून उतरला आणि टोपी काढली. "पन दाजी, एक सांगतो. तीन गिऱ्हाइकं येऊन गेले. कोनाले समजलं नाई. पंधरा वर्सांत तुम्ही पह्यले."

अंगणाच्या दाराशी जमलेल्या लोकांत कौतुकाचा आवाज झाला. उकंडरावांच्या आयुष्यातल्या चांगल्या क्षणांत हा मोजता आला असता. तो अर्ध्या मिनिटाचा ठरला, कारण महादेवराव गुणपत्रिका घेऊन समोर आले, 'इंजिन' या रकान्यात काय लिहावं म्हणून चष्मा वर करून पाहू लागले, आणि म्हणाले, "दादा, हे काय?"

बॉनेटवर कुंकू होतं. खाली दोन दिव्यांमध्येही होतं. चाकांखालची माती ओली होती.

"हे कोनं केलं?" पंजाबराव ओरडला.

"म्या," कौशल्याबाई म्हणाल्या. त्या ओसरीच्या खांबाशी उभ्या होत्या. पदर खांद्यावर, हात मोकळे.

"आई! भाव नाई ठरला, काई नाई! आबा, घरातल्या बाईनं कुंकू लावलं म्हून सौदा होत नसते. शालिग्रामदादा, तुम्ही घेऊन जा मोटार. ढकलू लागतो आम्ही."

"मले काई म्हनायचं नाई," शालिग्राम जमिनीकडे बघत म्हणाला. "मी परका मानूस. पन धाडच्या बाजारातली भगवंतरावची गोष्ट म्या मेहकरात ऐकली हाय."

ती गोष्ट ऐकली नाही असा माणूस त्या अंगणात नव्हता. भगवंतराव नावाच्या शेतकऱ्याने बैल पसंतीसाठी घरी नेला. भाव ठरायच्या आधीच बायकोने हौसेने कुंकू लावून भाकर-तुकडा ओवाळला. तिसऱ्या दिवशी बैल लंगडला. भगवंतराव परत घेऊन आला, मालक घेईना. निवाडा उकंडरावांकडे आला. त्यांनी भरल्या बाजारात भगवंतरावाला एकच विचारलं होतं: "कुंकू लावाच्या आधी घरात डोळे व्हते का नव्हते?" बाजार हसला. भगवंतराव बैल घेऊन परत गेला, आणि त्यानंतर चार तालुक्यांत कुंकवाचा सौदा कोणी मोडला नाही.

"दादा," महादेवराव म्हणाले. त्यांना आपला आनंद लपवणं जड जात होतं. "निवाडा तुमचाच हाय."

उकंडराव लिंबाखाली उभे होते. मोटार नाकारावी तर चाळीस वर्षांचा शब्द जातो. घ्यावी तर चाळीस वर्षांची नजर. दाजींनी डोळ्यांदेखत उठत नसलेलं जनावर घेतलं, असं धाडमध्ये सांगतील. दोन्हींपैकी काय द्यावं हे त्यांना समजेना. असा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता, कारण आजवर अंगणातलं कुंकू त्यांना विचारून लागे.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. मग भगवंतरावाला विचारलं होतं तेच विचारलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

"कुंकू लावाच्या आधी घरात डोळे व्हते का नव्हते?"

"व्हते," कौशल्याबाई म्हणाल्या. "सकाळी उतारावर तोंड करून लावली, तवाच दिसलं मले. खिडकीतून."

शालिग्रामने टोपी पुन्हा घातली आणि पुन्हा काढली.

"दिसलं व्हतं?" उकंडराव म्हणाले.

"हाव. दुसरी जागा सपाट असतानी कोन लावीन उतारावर?"

"मंग लावलं काऊन?"

"खोड माहीत नसलेलं जनावर घेऊ नये, माहीत असलेलं घ्यावं, हे तुम्हीच जगाले सांगता. मले माहीत हाय इची खोड. उठत नाई, त उठवू. ढकलाव लागीन, त ढकलीन मी." त्या एक पायरी खाली आल्या. "नऊ वर्सांत दोनदा पोरगी दिसली मले. गाडी लागते म्हनता. आज चढावर जाऊन आली, लागली काय? तुम्ही समोरच व्हते. माह्याकडे पाह्यलं नाई, मोटारीकडे पाह्यलं."

हे खरं होतं. उकंडरावांनी सकाळपासून मोटारीचं सगळं पाहिलं होतं. भरती कशी होती, ते पाहिलं नव्हतं.

त्यांनी मोटारीच्या मधल्या खिडकीकडे पाहिलं. मग शालिग्रामकडे वळले. "खोडीचे कमी करा."

"तुम्ही म्हनान ते, दाजी."

"अन महिनाभर तुम्ही राहा. आमच्या एकाले शिकवा."

"मी जाऊ कुठं तिले सोडून?" शालिग्राम म्हणाला.

भाव नेमका काय ठरला, हे पडघानांच्या घरात आजही तीन जण तीन प्रकारे सांगतात. उकंडरावांनी सांगितलं नाही.

राहता राहिला पंजाबराव. तो तोंड फिरवून उभा होता. शालिग्रामने सीटखालून लोखंडी हँडल काढलं आणि कोणाकडे न पाहता म्हणाला, "जोर पायजे याले. माह्या अंगात राह्यला नाई. डॉक्टरसाहेबांच्या कंपाउंडरचा एकदा हात मोडला व्हता."

"आना इकडं," पंजाबराव म्हणाला.

पहिला झटका फुकट गेला. दुसऱ्याला मोटार खोकली. तिसऱ्याला पंजाबरावाने दात आवळून असा काही पीळ दिला की इंजिन धडधडून उठलं, लिंबावरचे कावळे उडाले आणि दाराशी उभे असलेले लोक मागे सरले. पंजाबराव घामाघूम होऊन सरळ झाला. आपल्या हाताने उठवलेल्या जनावराविरुद्ध माणसाला बोलता येत नाही. "पाह्यलं काका?" तो म्हणाला. "लिहा. वीसपैकी वीस."

महादेवरावांनी अठरा दिले.

एवढ्यात कौशल्याबाई मधल्या बाकावर खिडकीशी जाऊन बसल्या होत्या. मांडीवर तोंड बांधलेली पिशवी होती. ती केव्हा बांधली, हे कोणी पाहिलं नव्हतं.

"उतर आता," उकंडराव म्हणाले. "झालं न तुह्या मनासारखं."

"काऊन उतरू? गरम हाय तोवर निघू."

"कुठं?"

"सुलतानपूर."

"आज? असं, न कळवता? कार्ड टाकू, पुढच्या—"

कौशल्याबाई समोरच्या काचेतून सरळ बघत राहिल्या. मोटार धडधडत होती. आशाबाई येऊन त्यांच्याशेजारी बसली. मग सरस्वतीबाई बसल्या. पंजाबराव हँडल घेऊन मागे चढला, कारण ते दुसऱ्या कोणाला येणार नव्हतं. महादेवराव चढले, कारण वर्तनाचे मार्क बाकी होते. उकंडरावांनी शेजारच्या सोपानला म्हशीची धार काढायला सांगितलं, दाराला कुलूप लावलं आणि पुढे येऊन बसले.

*

सुलतानपुरात ऊन कलतं झालं होतं. बेबीताई ओट्यावर मिरच्या निसत बसली होती. गल्लीच्या टोकाशी धूळ उठली, पोरं ओरडत पुढे पळाली, आणि धुळीतून एक मोठी मोटार आपल्या दाराशी येऊन थांबलेली तिने पाहिली. पुढच्या खिडकीत तिचा बाप होता.

तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

माहेरची माणसं नऊ वर्षांत दोनदा या दाराशी आली होती. एकदा सासरा गेला तेव्हा, एकदा दीर गेला तेव्हा. दोन्ही वेळा भाड्याची जीप करून, अशीच, न कळवता. या घरात तर आज सगळे धड होते, म्हणजे गेलं ते माहेरचंच. बेबीताई ओट्यावर बसल्या जागी कोसळली आणि तिने हंबरडा फोडला.

"कोन गेलं व माय! सांगा न कोन गेलं!"

आतून तिची सासू सोजराबाई धावत आली. कोण गेलं हे तिला माहीत नव्हतं, पण सुनेच्या माहेरचं माणूस गेलं असताना उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून तीही शेजारी बसून रडू लागली. शेजारच्या वच्छलाबाईंनी चुलीवरचं दूध उतरवलं आणि त्या पदर डोळ्यांना लावत आल्या. गल्ली भरली.

रडता रडता बेबीताई मोटारीतून उतरणारी माणसं मोजत होती. बाप उतरला. मागून काका उतरले, भाऊ उतरला. काकू उतरल्या, वहिनी उतरली. आई राहिली. आई दिसेना. ती ऊर बडवायला हात उचलणार तोच मोटारीचं दार दुसऱ्या बाजूने उघडलं आणि कौशल्याबाई पिशवी सांभाळत वळसा घालून समोर आल्या.

बेबीताईचा हात तसाच राहिला. मरण्यासारखी जेवढी माणसं होती तेवढी सगळी समोर उभी होती.

"कोनी नाई गेलं व," कौशल्याबाई म्हणाल्या. "मी आली."

सोजराबाई रडायची थांबली. वच्छलाबाईंनी पदर खाली घेतला. गल्लीतल्या एवढ्या माणसांना आता काय करावं ते समजेना. अशा वेळी काय करतात हे त्यांच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं.

"मंग काऊन आली?" बेबीताईने विचारलं. तिचा आवाज अजून रडका होता.

कौशल्याबाई तिच्याजवळ ओट्यावर बसल्या. सांडलेल्या मिरच्या एकेक करून सुपात टाकू लागल्या.

"काऊन नाई," त्या म्हणाल्या. "अशीच."